सोळा वेचणारे, एक काटा

यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव हे तालुक्याचे गाव आहे. दिवाळीच्या सुमारास तिथल्या शेतांत कापसाची वेचणी सुरू होते.

मुलांनो, समजा, एक शेत वेचायला एकट्या माणसाला 16 तास लागतात. नंतर सारा कापूस एकाच काट्यावर मोजायला 1 तास जातो. एकूण झाले 17 तास. आता 16 माणसे लावली तर? वेचणी 1 तासात होईल. पण काटा एकच! मोजणीला 1 तास लागणारच. म्हणजे 2 तास. माणसे सोळापट झाली, पण वेग साडेआठपटच वाढला. शंभर माणसे लावली, तरी मोजणीचा तास काही चुकत नाही.

संगणकाचेही असेच आहे. अनेक प्रोसेसर एकत्र जोडून एकच काम वाटून देतात. याला समांतर संगणन म्हणतात. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो वेगाला लगाम घालतो. जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 साली ही गोष्ट मांडली.

काही संगणक तर्काने उत्तर शोधतात. अहमद हे करीमचे वडील आणि करीम हे सलीमचे वडील. म्हणून अहमद हे सलीमचे आजोबा. हा झाला एक निष्कर्ष. 1982 साली जपानने असे संगणक बनवण्याची मोठी योजना सुरू केली. एका सेकंदात किती निष्कर्ष निघतात, यावरून त्यांचा वेग मोजत. वेगवेगळ्या वाटा वेगवेगळे प्रोसेसर शोधू शकतात. पण एक निष्कर्ष दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर थांबावेच लागते.

आपल्या देशातही हे काम झाले. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. 1991 साली तिथे अनेक प्रोसेसर जोडून ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला.

मग दोन संगणकांची तुलना कशी करावी? पहिल्याला एका प्रोसेसरवर 100 सेकंद आणि दहांवर 20 सेकंद लागले. वेग पाचपट वाढला. दुसऱ्याला एकावर 30 आणि दहांवर 10 सेकंद लागले. वेग तिप्पटच वाढला. पण काम आधी कोणी संपवले? दुसऱ्याने! म्हणून दोघांना एकच प्रश्न द्यावा, अनेकदा मोजावे आणि ‘किती पट’ याबरोबर ‘किती वेळ’ हेही विचारावे.

कोणी ‘आमचे यंत्र दसपट वेगवान’ असे म्हटले, तर लगेच भुलू नका. कशाच्या दसपट, ते आधी विचारा.

स्वाध्याय
1. वरील शेतात 4 माणसे लावली, तर एकूण किती तास लागतील? वेग किती पट वाढेल?
2. काटे दोन केले, तर 16 माणसांचे काम किती वेळात संपेल?
3. तुमच्या घरातील वाटता न येणारे एक काम सांगा.