वाइन : परक्या घरीं रांधणारा आचारी

मथळा वाचून आमच्या कांहीं वाचकांच्या भुवया वर चढतील, हें आम्ही जाणून आहों. शाळेच्या वार्षिक अंकांत, आणि तेंही एका शिक्षकाच्या लेखणींतून, मद्याचें नांव कां यावें? परंतु ज्या 'वाइन'विषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे, ती पेल्यांत ओततां येत नाहीं. तें संगणकावर बसविण्याचें एक साधन आहे. विंडोजकरितां लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस अशा युनिक्सच्या वळणाच्या कार्यप्रणालींवर चालविणें, एवढेंच त्याचें काम. कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्राचे निरनिराळे अवयव सांभाळून प्रोग्रॅमांना लागेल तें पुरविणारी व्यवस्था.

या विषयाकडे आम्ही हौसेनें वळलों नाहीं, गरजेनें वळलों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा नियमित आधार संपविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बराच अलीकडचा लागतो. आमच्या संगणक-खोलींतील बारा यंत्रें या कसोटीस उतरलीं नाहींत. तीं भंगारांत घालावीं, कीं दुरुस्तीवांचून तशींच धोक्यांत चालूं ठेवावीं, कीं त्यांवर लिनक्स बसवावें, असे तीन मार्ग पुढें होते. आम्हीं तिसरा पत्करला, आणि लिनक्स त्या वृद्ध यंत्रांवर सुखानें नांदूं लागलें.

परंतु एक अडचण राहिली. शाळेच्या वीस वर्षांच्या मराठी प्रश्नपत्रिका, निबंध व स्नेहसंमेलनांचीं नाटुकलीं एका जुन्या टंकलेखन-प्रोग्रॅमांत लिहिलेलीं होतीं, आणि तो प्रोग्रॅम केवळ विंडोजचा. त्या काळच्या पुष्कळ मराठी प्रोग्रॅमांत अक्षरें आजच्या युनिकोड पद्धतीनें सांठवीत नसत. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे ठसे, म्हणजे फाँट, बसवीत. ठसा जवळ असेल तर 'अभ्यास' हा शब्द दिसावयाचा; नसेल तर त्याच जागीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक कचरा. यास्तव तो प्रोग्रॅम गेला असता, तर वीस वर्षांचें लिखाण हातीं असूनही वाचतां आलें नसतें. या संकटांत आम्हांस वाइनची ओळख झाली.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर सरळ कां चालत नाहींत, हें प्रथम पाहिलें पाहिजे. दोहोंची भाषाच निराळी असावी, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाहीं. यंत्र तेंच, प्रोसेसर तोच. बेरीज, वजाबाकी, तुलना यांच्या यंत्राज्ञा दोहोंकडे एकच. भेद आहे तो दोन ठिकाणीं. एक, फाइलीची ठेवण : विंडोजचा प्रोग्रॅम 'पीई' नांवाच्या घडणींत बांधलेला असतो, लिनक्सचा 'ईएलएफ' नांवाच्या घडणींत. दुसरा भेद मागण्यांचा. कोणताही प्रोग्रॅम सारें स्वतः करीत नाहीं. फाइल उघडून दे, पडद्यावर खिडकी काढ, हें अक्षर लिही, असें तो पदोपदीं कार्यप्रणालीस विनवीत असतो. आणि या विनंत्यांचीं नांवें व रीती प्रत्येक कार्यप्रणालींत निराळ्या आहेत.

एक घरगुती दृष्टांत घेऊं. लग्नघरीं परगांवचा आचारी आला आहे. तो आपल्या कामांत निष्णात आहे. कणीक कशी मळावी, फोडणी केव्हां द्यावी, हें त्यास कोणीं सांगावयास नको. पण तो "कालथा द्या" म्हणतो, आणि त्या घरांत त्याच वस्तूस उलथणें म्हणतात. तो "पळी कोठें आहे" विचारतो, आणि घरचीं माणसें ओगराळें ओळखतात. आचारी अडून बसतो. चूल पेटलेली, पाहुणे दारांत! अशा वेळीं दोन्ही गांवांचें बोलणें जाणणारी एखादी मावशी पुढें होते. ती त्याचा स्वयंपाक करीत नाहीं, त्याच्या गांवची भांडींही आणीत नाहीं. तो मागेल तें या घरच्याच फळीवरून अचूक काढून त्याच्या हातीं देते. वाइन म्हणजे ती मावशी होय.

आतां हाच दृष्टांत यंत्रास लावूं. वाइन प्रथम विंडोजच्या प्रोग्रॅमाची 'पीई' घडण उलगडून ती संगणकाच्या स्मृतींत मांडते. विंडोजमध्यें प्रोग्रॅमांच्या मागण्या पुरविणारे सामाईक भाग असतात. त्यांस डीएलएल म्हणतात. 'कर्नल३२' फाइली व स्मृति पाहतो, 'यूजर३२' खिडक्या व बटणें सांभाळतो, 'जीडीआय३२' रेषा व अक्षरें काढतो. वाइनच्या कर्त्यांनीं याच नांवांचे भाग स्वतः नव्यानें लिहिले असून ते लिनक्सच्याच साधनांनीं काम भागवितात. याखेरीज 'वाइनसर्व्हर' नांवाचा एक कारभारी पाठीमागें बसून, अनेक प्रोग्रॅम एकाच वेळीं चालले असतां त्यांचा मेळ राखतो. विंडोजची प्रत कोठेंही लागत नाहीं. मात्र जो प्रोग्रॅम चालवावयाचा, त्याचा परवाना आपल्याजवळ असलाच पाहिजे.

'वाइन' या नांवाचा विस्तारही यावरूनच उमगतो : 'वाइन इज नॉट अ‍ॅन एम्युलेटर'. एम्युलेटर म्हणजे एका यंत्राच्या पोटांत दुसऱ्या यंत्राचें सोंग उभें करणारा प्रोग्रॅम. तो दर यंत्राज्ञेचा अर्थ लावीत बसतो, म्हणून मंद चालतो. वाइन तसें करीत नाहीं. आचारी आपल्याच हातांनीं रांधतो, म्हणून वेग बहुधा टिकून राहतो. याचीच दुसरी बाजू अशी कीं, रास्पबेरी पायसारख्या निराळ्या जातीच्या प्रोसेसरवर इंटेलसाठीं लिहिलेला विंडोज-प्रोग्रॅम एकट्या वाइननें चालत नाहीं. तेथें सोबतीस खरा एम्युलेटर लागतो.

या कामास १९९३ सालीं बॉब आम्स्टाट व एरिक यंगडेल यांनीं आरंभ केला. त्यांना विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवावयाचे होते. पुढील वर्षीं अलेक्सांद्र ज्युलियार यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. पहिली पूर्ण आवृत्ति, १.०, ही १७ जून २००८ रोजीं निघाली. म्हणजे आरंभापासून पंधरा वर्षांनीं! ज्या विद्यार्थ्यास पंधरा दिवसांत कंटाळा येतो त्यानें हा आंकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

याहून आम्हांस अधिक आवडलेली गोष्ट त्यांच्या कामाच्या शिस्तीची आहे. ज्यानें विंडोजचा मूळ लेख पाहिला असेल, त्याचा हात वाइनला लागूं द्यावयाचा नाहीं, आणि तयार विंडोज फोडून आंत पाहावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम आहे. ते लहान लहान चांचणी-प्रोग्रॅम लिहितात, ते खऱ्या विंडोजवर चालवून अमुक मागणीस काय उत्तर मिळतें तें टिपतात, आणि तेंच उत्तर देणारा भाग स्वतः रचतात. शेजाऱ्याच्या वहींत डोकावून उत्तर उतरविणें आणि प्रश्न स्वतः सोडवून त्याच उत्तरास येणें, यांतील अंतर आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं समजावून सांगावयास नको.

आतां बसविण्याची कृति. येथें डेबियन व उबुंटू या कुळांतील लिनक्सची रीत देतों. आज्ञा टर्मिनलमध्यें रोमन लिपींतच टंकावयाच्या असतात. खालीं त्यांचे केवळ उच्चार आहेत.

पहिल्या प्रयत्नांत आमची फजिती झाली, ती आधीं सांगतों. आम्हीं घाईनें एकटें 'वाइन' बसविलें आणि टंकलेखनाचा प्रोग्रॅम सुरू केला. तो चालेना, उलट 'वाइन३२' नाहीं, अशी तक्रार पडद्यावर उमटली. दहावींतील एका विद्यार्थ्यानें ती ओळ शांतपणें वाचली आणि म्हणाला, "सर, उत्तर त्यांतच दिलेलें आहे." आम्ही ओशाळलों. जुने प्रोग्रॅम ३२ बिटांचे, आणि आमचें लिनक्स ६४ बिटांचें. यास्तव प्रथम ३२ बिटांच्या भागांस दार उघडून द्यावयाचें असतें. त्याची आज्ञा 'सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर आय३८६' अशी आहे. मग यादी ताजी करण्यासाठीं 'सुडो अ‍ॅप्ट अपडेट', आणि शेवटीं 'सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल वाइन वाइन३२:आय३८६'. 'सुडो' म्हणजे मुख्य व्यवस्थापकाच्या अधिकारानें केलेलें काम. त्याची गरज येथपर्यंतच.

यापुढें 'सुडो' पूर्णपणें विसरावें. आपल्या नेहमींच्या नांवानें 'वाइनसीएफजी' ही आज्ञा द्यावी. तीसरशीं आपल्या घरच्या फोल्डरांत 'टिंब वाइन' या नांवाची एक कोठी तयार होते. नांवाआधीं टिंब असल्यामुळें ती सहसा दृष्टीस पडत नाहीं. तींत 'ड्राइव्ह_सी' म्हणून फोल्डर असतो; विंडोजचा प्रोग्रॅम त्यासच 'सी' ड्राइव्ह समजतो. त्याच कोठींत विंडोजच्या रजिस्ट्रीची, म्हणजे प्रोग्रॅमांच्या नोंदवहीची, जागा असते. 'वाइनसीएफजी'च्या खिडकींत विंडोजची कोणती आवृत्ति भासवावयाची, तें निवडतां येतें.

मग प्रोग्रॅमाचा मूळ संच ज्या फोल्डरांत असेल तेथें जाऊन 'वाइन' हा शब्द व त्यापुढें 'सेटअप.ईएक्सई' असें फाइलीचें नांव द्यावें. विंडोजवरचीच परिचित खिडकी उघडते व बसविण्याचें काम सुरू होतें. आमच्या एका सहकाऱ्यांनीं श्रम वांचविण्यासाठीं जुन्या डिस्कवरील प्रोग्रॅमाचा फोल्डर नुसता उचलून 'ड्राइव्ह_सी'मध्यें ठेवला. तो प्रोग्रॅम उघडला नाहीं. कारण बसवितांना नोंदवहींत ज्या नोंदी व्हावयाच्या त्या झाल्याच नव्हत्या. पुस्तक कपाटांत ठेवलें म्हणून तें ग्रंथालयाच्या दाखलपुस्तकांत चढत नाहीं. मराठी ठसे मात्र 'ड्राइव्ह_सी'मधील 'विंडोज' व त्यांतील 'फाँट्स' या फोल्डरांत हातानें ठेवले तरी चालतात.

आणखी एक सूचना. प्रत्येक महत्त्वाच्या प्रोग्रॅमास निराळी कोठी द्यावी. आज्ञेपूर्वीं 'वाइनप्रिफिक्स=' असें लिहून दुसऱ्या फोल्डराचा मार्ग दिला कीं नवी कोठी तयार होते. वाइनवरच उभारलेल्या 'क्रॉसओव्हर' या विक्रीच्या साधनांत अशा कोठ्यांस बाटल्या म्हणतात. एक बाटली बिघडली तर ती फेकून द्यावी; बाकीच्या शाबूत राहतात. पण कोठी निराळी झाली म्हणजे ती कुलुपबंद झाली, असें समजूं नये. वाइन सामान्यतः 'झेड' ड्राइव्हच्या रूपानें आपली सारी लिनक्स-डिस्क विंडोज-प्रोग्रॅमास दाखविते. आपण ज्या फाइली वाचूं वा पुसूं शकतों, त्या तोही वाचूं वा पुसूं शकतो. म्हणून अनोळखी ठिकाणचा प्रोग्रॅम येथेंही चालवूं नये, आणि वाइन कधींही व्यवस्थापकाच्या अधिकारानें चालवूं नये.

प्रत्येक प्रोग्रॅम चालेलच, असें आश्वासन मावशी देऊं शकत नाहीं. तिला ठाऊक नसलेली वस्तु आचाऱ्यानें मागितली कीं काम थांबतें. वाइनच्या प्रकल्पानें प्रोग्रॅमांची एक सूची ठेवली असून तींत प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि अगदींच टाकाऊ तें गार्बेज, असे दर्जे दिलेले आहेत. बसविण्यापूर्वीं ती पाहावी. यंत्राच्या अवयवांशीं थेट बोलणारे विंडोजचे ड्रायव्हर वाइनमध्यें सहसा चालत नाहींत. उलट नवल असें कीं, ६४ बिटांच्या विंडोजनें दाराबाहेर काढलेले १६ बिटांचे अतिवृद्ध प्रोग्रॅम वाइनमध्यें पुष्कळदां आश्रय पावतात. खेळांच्या शौकिनांस हेंही सांगावेंसें वाटतें कीं, व्हॉल्व्ह या कंपनीनें २०१८ सालीं काढलेलें 'प्रोटॉन' हें वाइनवरच रचलेलें आहे, आणि २०२२ पासून मिळूं लागलेल्या तिच्या 'स्टीम डेक' या हातांत धरावयाच्या यंत्रावर विंडोजचे खेळ चालतात ते त्याच्याच बळावर.

आमचें काय झालें? टंकलेखनाचा प्रोग्रॅम उघडला. वीस वर्षांपूर्वींची इयत्ता नववीची मराठीची प्रश्नपत्रिका पडद्यावर जशीच्या तशी उमटली, आणि लिनक्सला जोडलेल्या छपाई-यंत्रावर छापूनही निघाली. दुसऱ्या एका प्रोग्रॅमास मात्र यंत्रांत खोंचावयाची किल्ली लागत असे. ती वाइनला ओळखतां आली नाहीं. त्यासाठीं एक जुनें यंत्र विंडोजसह, जाळ्यापासून तोडून, कोपऱ्यांत ठेवावें लागलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, त्या दिवशीं आनंद झाला तसें थोडें भयही वाटलें. आपण आपल्या भाषेंत लिहिलेलें आपणांसच वाचतां यावें, यासाठीं परक्या घरीं मध्यस्थ शोधावा लागला! वाइन हा पूल उत्तम आहे. पण पुलावर कोणी घर बांधीत नाहीं. म्हणून दर शनिवारीं आमचे विद्यार्थी एकेक जुनी फाइल उघडून तींतील मजकूर युनिकोडांत उतरवीत आहेत. तो कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही कार्यप्रणालींत, मावशीच्या मदतीवांचून वाचतां येईल. काम संथ आहे. तें संपेपर्यंत ही बाटली आम्ही जपून ठेवणार आहों.