नाक पुन्हा येते

नाकावर लहानसा फोड येतो. दुखत नाही, पण महिना झाला तरी बरा होत नाही. खपली पडते, पुन्हा रक्त येते. असा फोड कधी कधी कातडीचा कॅन्सर असतो. तो मुळासकट कापून काढावा लागतो.

माणूस भितो. म्हणतो, "नाकच गेलं तर चारचौघांत तोंड कसं दाखवू?"

भिऊ नका. मोठा खड्डा पडला तरी तो भरता येतो. डॉक्टर कपाळाची कातडी पानासारखी सोडवतात. भुवईजवळचा देठ मात्र तोडत नाहीत. देठातून रक्त मिळते, म्हणून कातडी जिवंत राहते. ती खाली वळवून नाकावर शिवतात. सुमारे तीन आठवड्यांत ती तिथे रुजते. मग देठ कापतात. वण राहतो, पण चेहरा सावरतो.

ही विद्या आपल्या मातीतली आहे. १७९२ च्या लढाईत कावसजी हा मराठा गाडीवान टिपूच्या कैदेत पडला. तिथे त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या एका कारागिराने ते असेच नवे केले. १७९४ साली लंडनच्या मासिकात ही हकीकत चित्रासह छापली. मग युरोपातले डॉक्टरही ही रीत शिकले.

तेव्हा भूल नव्हती, आज आहे. म्हणून फोड लपवू नका. लहान आहे तोवरच दवाखान्यात दाखवा.