समुद्रापासून दूरचीं बंदरें

गिरणेच्या कांठीं वसलेल्या भडगांवचें पाणी तापीस मिळतें, आणि तापीबरोबर सुरतेच्या खालीं डुमसजवळ समुद्रांत जातें. नुसता नकाशा पाहिला तर भडगांवचें बंदर सुरत ठरेल. पण तेथील कापूस आणि केळीं मात्र सह्याद्रि ओलांडून मुंबईकडे जातात. पाणी एकीकडे आणि माल दुसरीकडे, ही फारकत आगगाडीनें केली.

सतराव्या शतकांत बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणारा व्यापारी मार्ग खानदेशांतूनच जात असे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादलेले लमाणांचे तांडे ही त्या काळची मालगाडी. सुरत तरी खऱ्या अर्थानें समुद्रावर कोठें होती? नदीच्या मुखाशीं गाळ असल्यामुळें मोठीं जहाजें सुवाळी येथें नांगरून राहत, आणि माल गाड्यांनीं व लहान होड्यांनीं तेथपर्यंत न्यावा लागे. जहाज एका जागीं, जकात आणि पेढी दुसऱ्या जागीं, अशी विभागणी त्या बंदरांत तेव्हांपासूनच होती.

पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला एकाएकीं सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास आगगाडी खानदेशांत पोहोंचली, व १८६५ सालीं थळ घाटाचा चढ वाहतुकीस खुला झाला. भडगांव तालुक्यांतील कजगांव स्टेशनापासून मुंबई सुमारें ३५० किलोमीटरांवर आली. तापीच्या खोऱ्यांतून सुरतेस जाणारी रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर झाली. तोंपर्यंत व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईस रुळल्या होत्या. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ सालीं झाला तो कापसाच्या व्यापारासाठीं. आज त्याचें नांव घेतलें कीं शहरांतील गृहिणीस पापलेट आठवतें. मालाची गोदी मासळीचें बंदर होऊन बसली.

१९८९ सालीं न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें आणि पोत्यांची जागा लोखंडी पेट्यांनीं, म्हणजे कंटेनरांनीं घेतली. पेटी एकदां बंद केली कीं ती जहाजावर चढेपर्यंत उघडण्याचें कारण नाहीं. मग कस्टमची तपासणी धक्क्यावरच कां व्हावी? ती गांवाजवळ उरकावी, पेटीस मोहोर लावावी आणि रेल्वेनें थेट धक्क्यापर्यंत धाडावी, या विचारांतून ‘ड्राय पोर्ट’ म्हणजे कोरडें बंदर निघालें. भुसावळ येथें तसें एक स्थापन झालें.

कापूस दोन दिवस खोळंबला तरी चालतो. केळीं थांबत नाहींत. परदेशीं जाणारें केळें हिरवें असतांनाच कापून, धुऊन, खोक्यांत भरून, सुमारें १३ ते १४ अंशांवर थंड ठेवावें लागतें. त्याहून गारठलें तर साल काळी पडते, आणि उष्णता वाढली तर माल आखाती देशांत पोहोंचण्यापूर्वींच पिकतो. बंदराच्या फाटकाशीं वाहनांची रांग लागली आणि पेटीचें शीतयंत्र बंद पडलें, तर वर्षभराची मेहनत त्या रांगेंत नासते.

आतां डहाणूजवळ वाढवण येथें नवें बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. तेथील मासेमारांचा त्यास विरोध आहे, कारण भराव पडावयाचा तो त्यांच्या मासेमारीच्या क्षेत्रांत. मोठ्या जहाजांना लागणारें खोल पाणी तेथें आहे. पण त्याच पाण्यावर कोळ्यांचीं जाळीं पडतात, आणि ससून डॉकप्रमाणें हें बंदर पुढें कधीं मासळीकडे वळेल असें त्यांना कोणी सांगितलेलें नाहीं.