बीडच्या कोर्टातलं उबंटू

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या कोर्टातली पुढची तारीख पक्षकाराला आता मोबाइलवर दिसते. ती नोंद ठेवणारी ‘सीआयएस’ (केस इन्फर्मेशन सिस्टिम) प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) मुक्त सॉफ्टवेअरवर उभारली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा न्यायालयांसाठी उबंटू लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम निवडली. परवान्यांचा खर्च वाचलाच; पण न्यायालयाचं कामकाज एका कंपनीवर अवलंबून न राहणं त्याहून मोलाचं.

घरच्या संगणकावरही उबंटू वापरणं जमतं.

विंडोज १०चं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं. कित्येक जुने संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. ते भंगारात कशाला घालायचे? उबंटू आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघावं. वाय-फाय, प्रिंटर, मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग तपासावं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर घाई नको. इन्स्टॉल करण्यापूर्वी फायलींची प्रत मात्र काढून ठेवावीच.