कोर्स पास झाला, पण हात तयार झाला का?

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला कसं सांभाळायचं, हे डॉक्टर-नर्स 'एसीएलएस' कोर्समध्ये मॅनिकिनवर शिकतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रमाणपत्र 2 वर्षं चालतं. हातातलं कौशल्य मात्र काही महिन्यांतच ओसरू लागतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

मग अशा प्रशिक्षणाचा उपयोग तुम्ही कधी मोजाल? कोर्स संपल्या संपल्या चाचणी घेतलीत, तर सगळेच हुशार दिसणार! लेखी गुणही फसवे. मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंमी, हे लिहिणं सोपं. दमलेल्या हातांनी करणं अवघड.

म्हणून संमती आधीच घ्या, पण तारीख सांगू नका. सहा महिन्यांनी पुन्हा मॅनिकिनवरच मोजा. रुग्णही तारीख सांगून कोसळत नाही.