गडगडाटाच्या देवाची वेल

मुलांनो, खेळताना पाय मुरगळला की काय होतं? घोटा सुजतो, लाल होतो, हात लावला तर गरम लागतो. आणि ठणकतो तर असा, की विचारूच नका! यालाच दाह म्हणतात. पण दाह म्हणजे काही आपला शत्रू नव्हे बरं का! इजा झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावत जातात. 'या, इकडे या, काम आहे!' असे रासायनिक निरोप एकमेकींना धाडतात. जंतू असले तर त्यांचा फडशा पाडतात, मोडतोड आवरतात. काम संपलं, की सूज ओसरते.

काही माणसांच्या शरीरात मात्र हे निरोप थांबतच नाहीत. शत्रू नसतानाही पांढऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. बोटं सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, पुढे पुढे सांधे वाकडे होतात. डॉक्टर या आजाराला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. संधिवाताचाच हा एक त्रासदायक प्रकार.

आता चला चीनमध्ये! दक्षिण चीनच्या डोंगराळ भागात एक वेल उगवते. तिचं नाव लेइगुंग थंग, म्हणजे गडगडाटाच्या देवाची वेल. आपल्या सह्याद्रीतली मालकांगोणी तुम्ही पाहिली असेल. ही वेल तिच्याच कुळातली. पण कूळ एक असलं, तरी गुण निराळे! चिनी शेतकरी हिची मुळी पिकावरचे किडे मारायला वापरत. आणि तिथले वैद्य हीच मुळी सूज आणि सांधेदुखीवर देत. मात्र ते मुळीची साल सोलून टाकत, कारण साल जास्त विषारी. आतलं लाकूड तेवढं घेऊन ते बराच वेळ उकळत.

किडे मारणारी मुळी माणसाला औषध कशी? शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. १९७२ साली अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मॉरिस कुपचन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलीतून ट्रिप्टोलाइड नावाचं द्रव्य वेगळं केलं. ते शोधत होते रक्ताच्या कर्करोगावर औषध! पुढे लक्षात आलं, की हे द्रव्य दाहाचे निरोपही बंद पाडतं.

ते कसं? आपल्या शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींत कामाच्या सूचनांचं एक मोठं पुस्तक असतं असं समजा. काम करायचं, तर हवं ते पान आधी उतरवून घ्यावं लागतं. हे पान उतरवणाऱ्या यंत्रणेच्याच एका भागाला ट्रिप्टोलाइड जाऊन चिकटतं, हे २०११ साली कळलं. पानच उतरलं नाही, तर निरोप निघणार कुठून?

औषध खरंच लागू पडतं का, तेही तपासून पाहिलं गेलं. २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे १२१ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला या मुळीचा अर्क, दुसऱ्याला सल्फासलाझिन हे नेहमीचं औषध. २४ आठवड्यांनी पाहिलं, तर अर्काच्या गटात शंभरात ६५ जणांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला होता आणि दुसऱ्या गटात शंभरात ३३ जणांना. अर्थात दोन्ही गटांतले बरेच रुग्ण मधेच गळाले, हेही त्यात नोंदवलं आहे.

मग काय, सगळ्यांनी ही मुळी घ्यावी? छे, छे! थांबा जरा. सूचनांचं पुस्तक फक्त सूज आणणाऱ्या पेशींत नसतं, ते इतर पेशींतही असतं. तिथलीही पानं उतरेनाशी झाली तर? म्हणूनच या औषधाने पोट बिघडतं, यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, पुढे मूल होण्याच्या क्षमतेवरही परिणाम होतो. जास्त प्रमाणात पोटात गेल्याने माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. चीनच्या औषध खात्यानेच २०१२ साली या औषधाबाबत इशारा दिला. मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते द्यायचं नाही, असं तिथे बजावलेलं आहे.

पाहिलंत? गुण आणि अपाय दोन्ही एकाच मुळीत, आणि दोन्हींचं कारणही एकच!

पालकांनो, "झाडपाल्याचंच तर आहे, अपाय थोडाच होणार!" असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्या औषधात सूज उतरवण्याची ताकद आहे, त्यात चुकीच्या जागी घाव घालण्याचीही ताकद असू शकते. मग ते कारखान्यातलं असो की डोंगरातलं. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात चालू असलेले काढे, चूर्णं, मुळ्या यांची नावंही त्यांना सांगा. आणि मुलांनो, आई-बाबा सांगायला विसरले, तर तुम्ही आठवण करून द्या हं!