जवारी लावणारे हात

तंबोऱ्याची घोडी लांबून सपाट दिसते. बोट फिरवलं की तिचा किंचित उतार जाणवतो. तार या उतारावर अलगद टेकत जाते आणि तार नि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवलेला असतो. धागा केसभर पुढेमागे झाला तरी नाद बदलतो. कधी तो बोदा होतो, कधी कर्कश. घोडी नीट घासलेली असेल आणि धागा नेमका बसला, तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येऊ लागतो. हिलाच जवारी म्हणतात. कानस चालवायची, तार छेडायची, ऐकायचं आणि पुन्हा कानस हातात घ्यायची. मिरजेच्या वाद्यांचं नाव देशभर झालं ते या कामामुळे.

इथली वाद्यं घडवणारी बहुतेक घराणी शिकलगारांची. हत्यारांना धार लावणं आणि ती दुरुस्त करणं हा त्यांचा मूळ व्यवसाय. संस्थानी काळात शस्त्रांचं काम ओसरलं, तेव्हा त्यांचे कसबी हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती आणि गायक-वादकांचा राबता गावात असे. फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव या परंपरेत आजही आदरानं घेतलं जातं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, विष्णु दिगंबर पलुस्करांनी त्यांच्याकडे इथेच तालीम घेतली आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेतच बिऱ्हाड थाटलं. वाद्य बनवणाऱ्याला त्यातला दोष तिथल्या तिथे सांगणारे असे कान शेजारीच असावेत, हे मिरजेचं मोठं भाग्य.

तंबोऱ्याची सुरुवात मात्र शेतात होते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा परिसरात मोठे, जाड सालीचे कडू भोपळे पिकतात. ते पूर्ण वाळवावे लागतात. मग कापायचे, पाण्यात भिजवून मऊ करायचे, आतून काठ्यांचा ताण देऊन हवा तो आकार येऊ द्यायचा आणि पुन्हा वाळवायचे. लाकूड कर्नाटकातून येतं. त्यातून गळा, दांडी आणि भोपळ्यावर बसणारी तबली तयार होते. नंतर खुंट्या, नक्षी, पॉलिश. पूर्वी घोडीला आणि नक्षीला हस्तिदंत वापरत. त्यावर बंदी आल्यावर हाड आणि कृत्रिम साहित्य आलं. जवारीचं काम सगळ्यात शेवटी.

एवढी मेहनत असताना बाजारात ‘मिरजेचा तंबोरा’ म्हणून भलत्याच ठिकाणची वाद्यं विकली जात होती. एकेकट्या कारखानदाराला याविरुद्ध काही करता येत नव्हतं, कारण गावाचं नाव कुणा एकाच्या मालकीचं नसतं. शेवटी कारागीर एकत्र आले. त्यांनी २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केले आणि ३० मार्च २०२४ रोजी ते मिळालं: सतारीसाठी मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर या संस्थेला आणि तंबोऱ्यासाठी सोलट्यून या वाद्यनिर्मात्यांच्या उत्पादक संस्थेला. साडेचारशेहून अधिक कारागीर या क्लस्टरच्या छत्राखाली काम करतात. महिन्याला साठ-सत्तर सतारी आणि शंभराच्या आसपास तंबोरे घडवण्याची त्यांची क्षमता आहे.

मानांकनाचा फायदा खरा आहे. १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत नाव खोटेपणानं वापरणं हा गुन्हा ठरतो. गल्लीतल्या छोट्या कारखानदारालाही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून तेच नाव अभिमानानं लावता येतं. एरवी शेजारी-शेजारी स्पर्धा करणारी ही घराणी एका संस्थेत बसून दर्जाबद्दल बोलतात, ही मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

पण जवारीचा कान नोंदणीनं तयार होत नाही. तो यायला वर्षं लागतात, आणि शिकणाऱ्या पोराला त्या वर्षांत पुरेसा रोजगार मिळाला नाही तर तो दुसरी नोकरी धरतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? त्यातच इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, मागोमाग मोबाइलमधला आला. रोजच्या रियाजाला तो सोयीचा असल्यानं नवशिक्या विद्यार्थ्याकडून येणारी मागणी घटते. उरतं ते मैफलीचं वाद्य, आणि त्याला तर अधिकच तयार हात लागतो.

म्हणून दुरुस्तीच्या कामाकडे या संस्थांनी जास्त लक्ष द्यायला हवं. घोडी झिजते, जवारी उतरते आणि चांगला तंबोराही काही काळानं कारागिराकडे परत न्यावा लागतो. नव्या वाद्याची मागणी कमी-जास्त होते, पण जवारी काढून घेण्याचं काम येतच राहतं. निरनिराळ्या घोड्या, निरनिराळे बिघाड आणि शेजारी बसून चूक दाखवणारा उस्ताद, असं शिक्षण शिकाऊ मुलाला इथेच मिळतं. तेवढ्या काळाचं त्याचं विद्यावेतन क्लस्टरनं किंवा सरकारनं उचललं, तर कारखानदाराचा भार हलका होईल. भोपळा पिकवणाऱ्या शेतकऱ्याशीही आगाऊ दराचा करार व्हायला हवा. ऐन वाळवणीत पाऊस आला तर त्याचा माल कुजतो आणि पुढच्या हंगामात तो दुसरं पीक घेतो. मग मिरजेच्या कारखान्यात तबली तयार असते आणि तिला बसवायला भोपळा नसतो.